गावच्या वांग्यातून जास्त तोड्याचं वाण कसं काढायचं: सीमाभागातल्या नवख्यांसाठी

कुडचीची मळीची रानं, चिकोडी-निपाणीकडचा काळवट पट्टा, कडोलीचं माळवं, खानापूरची तांबडी माती. बेळगाव जिल्ह्याच्या या सगळ्या भागांत वांगं पिकतं, आणि गावागणिक त्याचं बी वेगळं असतं. कुठे काटेरी, कुठे बिनकाट्याचं, कुठे हिरवं, कुठे रेघांचं. आता बरीच घरं दरवर्षी संकरित बियाण्याचं पाकीट आणतात. तरीही पाटीत, गाडग्यात किंवा चिंधीत बांधलेलं घरचं बी अजून पुष्कळ ठिकाणी आहे. त्या बियाण्यातून निवड करून किंवा संकर करून जास्त उत्पादन देणारं वाण काढायची इच्छा असलेल्या तरुण शेतकऱ्यांसाठी हा लेख आहे. मराठी शाळेतून अरभावी किंवा धारवाडला जाऊन ‘वांग्यातील उत्पादनाच्या गुणांची आनुवंशिकता’ असा विषय हाती पडलेल्या विद्यार्थ्यांनाही तो उपयोगी पडेल. मी या दोन्ही वाटांनी गेलो आहे. पुस्तकात जे एका ओळीत उरकलेलं असतं आणि रानात मात्र महिनाभर छळतं, ते इथे सविस्तर सांगतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. उत्पादन हा एक गुण नाही. झाडाला लागलेली फळं आणि एका फळाचं वजन यांचा तो गुणाकार आहे, आणि त्या दोन्हींमागे फुलांचा प्रकार, फांद्या, फुलोऱ्याची वेळ, कीड, पाणी, खत असं बरंच काही असतं. ‘हे झाड लदलदलंय, याचंच बी धरू’ ही आपली जुनी रीत आहे. तिच्यातून कधीकधी चांगलं निघतं, पण बहुतेक वेळा पुढच्या वर्षी पहिल्यासारखंच पीक येतं. असं का होतं ते कळलं की पुढच्या पायऱ्या सोप्या जातात.

१. आधी बाजार ठरवा, मग वाण

वांग्याइतकं चवीला आणि दिसण्याला चोखंदळ पीक दुसरं नाही. भरल्या वांग्याला लहान, गोल, काटेरी फळ लागतं, भरताला मोठं. कृष्णाकाठच्या वांग्याचं गिऱ्हाईक लांबडं जांभळं वांगं हातातही धरत नाही. बेळगावच्या बाजारातून गोव्याकडे जाणाऱ्या मालाची मागणी आणखी निराळी असते. म्हणून तुमचा माल जिथे जातो तिथल्या दोन-तीन व्यापाऱ्यांना विचारून आकार, रंग, काटे आणि साधारण वजन वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे कितीही उत्पादन देणारं झाड दिसलं तरी या चौकटीबाहेरचं असेल तर ते थेट वाण होणार नाही. फार तर संकरात पालक म्हणून वापरता येईल.

२. काय काय जमवायचं

साधनं:
– १ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा
– फळाची लांबी-जाडी मोजायला व्हर्नियर कॅलिपर, नाहीतर टेलरची टेप आणि पट्टी
– टोकदार चिमटा, लहान कात्री, चिमटा पुसायला स्पिरिट
– बटर पेपरच्या लहान पिशव्या, टाचण्या, रंगीत लोकर
– पावसात न पुसणारी लेबलं. त्यांवर पेन्सिलीनेच लिहायचं, शाई धुऊन जाते
– तरू करायला ट्रे आणि नायलॉनची बारीक जाळी
– जाड पुठ्ठ्याची वही. मोबाईलमध्ये नोंद करा, पण वही हवीच.

कागद:
– रानाचा उतारा, म्हणजे आपल्याकडची पहाणी
– आधार आणि कर्नाटक सरकारचा फ्रूट्स (शेतकरी नोंदणीचा) क्रमांक. रैत संपर्क केंद्रात काहीही मागायला गेलात की हा क्रमांक विचारतात
– माती तपासणीचा अहवाल
– गोळा केलेल्या प्रत्येक बियाण्याचा नोंदकागद: गाव, तालुका, कुणाच्या रानातलं, किती वर्षांपासूनचं, तारीख आणि देणाऱ्याची सही

अर्ज बहुधा कानडीत असतात. वाचता येत नसेल तर जाणकाराला सोबत न्या आणि न कळलेल्या रकान्यात अंदाजाने काही भरू नका. नोंदकागदावर वाणाचं मराठी आणि कानडी अशी दोन्ही नावं लिहा. एकच बी दोन गावांत दोन नावांनी फिरत असतं, आणि नाव वेगळं म्हणून तुम्ही ते दोनदा लावून बसता.

३. बी गोळा करणं

बारा-पंधरा प्रकार पुरे. त्याहून जास्त घेतले तर पहिल्या हंगामात मोजमाप आवरत नाही. बी मागायला गेलात की घरातल्या वयस्कर बाईला विचारा: ‘मावशी, हे बी तुमच्याकडं कुठनं आलं?’ वांग्याच्या बियाण्याचा इतिहास बहुतेक घरांत बायकांनाच ठाऊक असतो. माहेरून आलं की बाजारातून, हे तिथेच समजतं.

एका फळातून बी घेऊ नका, निदान आठ-दहा झाडांची फळं घ्या. स्थानिक वाण म्हणजे एकसारख्या झाडांचा गट नव्हे, त्यात आतून भेद असतो, आणि तो भेद हेच तुमचं भांडवल आहे.

इथे एक मोठा सापळा आहे. ‘घरचं बी’ म्हणून मिळालेलं बी पुष्कळदा गेल्या वर्षीच्या संकरित झाडाचं असतं. ते लावलं की एकाच ओळीत जांभळी, हिरवी, लांब, गोल अशी सगळी फळं दिसतात. ते टाकाऊ नाही, पण तुलनेच्या प्लॉटमध्ये ‘स्थानिक वाण’ म्हणून मोजू नका.

तुलनेसाठी दोन-तीन प्रसारित वाणं हवीतच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं मांजरी गोटा आपल्या लोकांच्या ओळखीचं आहे: गोल फळ, जांभळट रंगावर पांढऱ्या रेघा. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का केशव, अर्का निधी आणि अर्का नीलकंठ ही वाणं जिवाणूजन्य मर रोगाला दाद देत नाहीत, म्हणून खानापूरच्या बाजूला तुलनेत ती असायलाच हवीत. चौकशीला अरभावीचं कित्तूर राणी चन्नम्मा उद्यानविद्या महाविद्यालय जवळ पडतं. ते बागलकोटच्या उद्यानविद्या विद्यापीठाखाली येतं. बैलहोंगल बाजूच्यांना मत्तीकोपचं कृषी विज्ञान केंद्र सोयीचं.

आपल्या भागातलं बी किरकोळ आहे असं समजू नका. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने बीटी वांग्याच्या (अळीला मारणारा जिवाणूतला जनुक घातलेल्या वांग्याच्या) कामासाठी जी वाणं घेतली होती, त्यांत मालापूर लोकल, कुडची लोकल आणि रबकवी लोकल ही याच मुलखातली नावं होती. त्या बीटी वांग्यावर केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती आणली. मूळ कुडची आणि मालापूर वाणांवर मात्र कसलाही निर्बंध नाही, ती तुम्ही खुशाल लावा.

४. प्लॉटची आखणी

पुढचं सगळं गणित या पायरीवर उभं आहे, म्हणून घाई नको.

समजा १५ वाणं आहेत. प्रत्येक वाण तीन ठिकाणी लावायचं, दर ठिकाणी १० झाडं. एकूण ४५० झाडं होतात. ७५ × ६० सेंटीमीटर अंतर धरलं तर एका झाडाला ०.४५ चौरस मीटर जागा लागते, म्हणजे साधारण २०२ चौरस मीटर, सरळ दोन गुंठे. कडेच्या ओळी आणि वाटा धरून तीन गुंठे राखा.

रानाचे तीन पट्टे पाडा. पट्टे असे पाडा की एका पट्ट्यातली जमीन शक्यतो एकसारखी राहील. उतार पूर्व-पश्चिम असेल तर वरचा, मधला आणि खालचा असे तीन. प्रत्येक पट्ट्यात सगळी १५ वाणं आली पाहिजेत, आणि त्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा, दर पट्ट्याला नव्याने. ‘आपलं चांगलं वाण पाटाजवळ लावू’ हा मोह टाळा. पाटाजवळचं झाड पाण्याने वाढतं आणि श्रेय बियाण्याला जातं.

सभोवार एक-दोन ओळी कडेची झाडं लावा आणि ती मोजू नका. गेल्या हंगामात टोमॅटो, मिरची, बटाटा किंवा वांगं होतं ते रान घेऊ नका. तरू सगळ्या वाणांचं एकाच दिवशी टाका आणि पाच-सहा आठवड्यांनी एकाच दिवशी लावा. खत, पाणी, फवारणी सगळ्यांना सारखी.

दहापैकी दोन-तीन झाडं मेली तर? शेजारच्या झाडांना जास्त जागा मिळते आणि ती जास्त फळं देतात. म्हणून दहा-बारा दिवसांत सांधणी करून घ्या. पुढे झाड मेलं तर त्याची नोंद ठेवा आणि रिकाम्या जागेला लागून असलेली झाडं मोजणीत धरू नका.

५. काय मोजायचं, कसं मोजायचं

प्रत्येक प्लॉटमधली मधली पाच झाडं निवडा, लोकर बांधा आणि शेवटच्या तोड्यापर्यंत तीच पाच मोजा.

मोजायच्या गोष्टी: लावणीपासून पहिलं फूल किती दिवसांनी, झाडाची उंची, मुख्य फांद्या, एका घोसातली फळं, प्रत्येक तोड्याला फळांची संख्या आणि वजन, फळाची लांबी आणि जाडी, किडकी फळं वेगळी.

याशिवाय एक गोष्ट अशी आहे, जी शेतकरी सहसा बघत नाहीत आणि विद्यार्थी अर्धवट बघतात: फुलाची कुक्षी. वांग्याचं फूल उघडून पाहा. मधोमध स्त्रीकेसराची दांडी असते, तिचं टोक म्हणजे कुक्षी, आणि भोवती पिवळे परागकोश. काही फुलांत दांडी परागकोशांच्या वर आलेली दिसते, ती लांब दांडीची फुलं. काहींत बरोबरीने असते, ती मध्यम. काहींत आतच दबलेली असते, ती आखूड. फळ धरतं ते मुख्यतः लांब आणि मध्यम दांडीच्या फुलांना, आखूड दांडीची फुलं गळून जातात. एखादं वाण फुलांनी भरलेलं दिसतं आणि फळं मोजकीच येतात, त्याचं कारण बरेचदा इथे असतं. भर फुलोऱ्यात दर प्लॉटमधली वीस फुलं पाहून लांब आणि मध्यम किती ते लिहा. हे प्रमाण वाणाप्रमाणे बदलतं, शिवाय झाडाच्या पोषणाने आणि हवामानानेही बदलतं. म्हणून सगळे प्लॉट एका दिवशीच पाहा.

तोडा ठरलेल्या दिवशी आणि फळाच्या एकाच वयाला करायचा. एका वाणाची फळं कोवळी तोडली आणि दुसऱ्याची राहिली, तर वजनातला फरक बियाण्याचा नसून उशिराचा असतो. घरच्या भाजीला काढलेली दोन वांगीसुद्धा वहीत यायला हवीत. घरात सगळ्यांना हे आधीच समजावून सांगा. लोकर बांधलेल्या झाडाला आईनेही विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीने किडलेली फळं मोजा, पण त्यांचं वजन वेगळ्या रकान्यात लिहा. एकूण उत्पादन आणि विकण्याजोगं उत्पादन हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि पोट भरतं ते दुसऱ्यावर.

६. आकडे काय सांगतात

इथे बरेच जण वही मिटतात. थोडा धीर धरा, गणित गुणाकार-भागाकार आणि वर्गमुळाचंच आहे.

दोन झाडांत फरक दिसतो, त्यातला काही बियाण्याचा असतो, काही रानाचा. डोळ्यांना दिसणाऱ्या एकूण फरकात बियाण्याचा वाटा किती, त्याला हेरिटॅबिलिटी म्हणजे आनुवंशिकता म्हणतात. प्लॉट तीन पट्ट्यांत चिठ्ठ्या टाकून लावला तो हा वाटा वेगळा काढता यावा म्हणूनच.

समजा प्रति झाड फळांच्या संख्येचं प्रसरण-विश्लेषण (अनोव्हा) केलं. त्यात वाणावाणांतल्या फरकाचं माप, म्हणजे वाणांचा मीन स्क्वेअर, ७५ आला, त्रुटीचा, म्हणजे वाण आणि पट्टे सोडून उरलेल्या फरकाचा, १५, सरासरी २० फळं. (हे आकडे फक्त रीत समजण्यासाठी घेतले आहेत.)

बियाण्याचा फरक (३ म्हणजे पट्टे): (७५ – १५) ÷ ३ = २०
एकूण फरक: २० + १५ = ३५
आनुवंशिकता: २० ÷ ३५ = ०.५७, म्हणजे ५७ टक्के
जीसीव्ही, म्हणजे बियाण्यामुळे येणारा सापेक्ष फरक: २० चं वर्गमूळ ४.४७, त्याला सरासरीने भागून २२.४ टक्के
पीसीव्ही, म्हणजे दिसणारा सापेक्ष फरक: ३५ चं वर्गमूळ ५.९२, त्यावरून २९.६ टक्के

जीसीव्ही आणि पीसीव्ही यांत अंतर थोडं असेल तर त्या गुणावर रानाचा प्रभाव कमी. अंतर मोठं असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

आता निवडीने किती वाढ मिळेल? सूत्र असं: निवडीचा गुणक × आनुवंशिकता × एकूण फरकाचं वर्गमूळ. प्रबंधांत गुणक सरसकट २.०६ घेतात, म्हणजे २.०६ × ०.५७ × ५.९२, सुमारे ७ फळं, सरासरीच्या ३५ टक्के. पण २.०६ हा गुणक शंभरातून पाच निवडले तरचा आहे. तुमच्याकडे वाणंच १५. त्यातून तुम्ही तीन ठेवणार, म्हणजे वीस टक्के, आणि तिथे गुणक साधारण १.४० असतो. मग अपेक्षित वाढ पावणेपाच फळांच्या आसपास येते. प्रबंधात २.०६ लिहा, कारण इतरांच्या आकड्यांशी तुलना करायची असते. रानाचा हिशेब मात्र १.४० ने करा.

ठोकताळे असे: आनुवंशिकता ६० टक्क्यांच्या वर असली तर जास्त, ३० ते ६० मध्यम. सरासरीच्या तुलनेत निवडीची वाढ २० टक्क्यांच्या वर असली तर जास्त. दोन्ही एकत्र जास्त आले तर तो गुण मुख्यतः बेरजेने काम करणाऱ्या जनुकांचा असण्याची शक्यता मोठी, आणि साध्या निवडीने तो सुधारतो. वांग्यात फळाचं वजन आणि फळांची संख्या हे दोन गुण बहुतेक अभ्यासांत याच गटात येतात. आनुवंशिकता जास्त पण वाढ कमी असेल तर नुसत्या निवडीने फार हाती लागत नाही, संकराचा विचार करावा लागतो.

आणखी एक सावधगिरी. एका हंगामात, एका रानात काढलेली आनुवंशिकता फुगलेली असते, कारण त्या रानाशी त्या वाणाचं जे खास जमतं तेही बियाण्याच्या खात्यात जमा होतं. रायबागच्या काळ्या रानात पहिलं आलेलं वाण खानापूरच्या पावसात शेवटी जाऊ शकतं. म्हणून निदान दोन ठिकाणी किंवा दोन हंगामांत लावा. पै-पाहुण्यांचं रान याच कामासाठी मागून घ्या.

आकडेमोडीला कॉम्प्युटर हवाच असं नाही. सोय असेल तर हिसारच्या कृषी विद्यापीठाचं ‘ओपीस्टॅट’ किंवा गोव्याच्या आयसीएआर संस्थेचं ‘वास्प’ इंटरनेटवर वापरता येतं. पहिल्यांदा मात्र एका गुणाचं गणित हाताने करा.

७. संख्या आणि वजन यांची ओढाताण

वांग्यात फळं वाढली की फळाचं वजन घटतं, असा उलटा संबंध सर्रास आढळतो. झाडाची ताकद मर्यादित असते, ती वाटली जाते. म्हणून फक्त संख्येवर निवड केली तर दोन-तीन पिढ्यांत फळं सुपारीएवढी होतील, फक्त वजनावर केली तर झाडावर मोजकीच फळं राहतील.

पण हीच ओढाताण संकरात कामाला येते. एक वाण ४० फळं देतं, ५० ग्रॅमची: २ किलो. दुसरं २० फळं देतं, १०० ग्रॅमची: तेही २ किलो. दोघांचा संकर दोन्ही गुणांत अगदी मधोमध आला तर ३० फळं, ७५ ग्रॅमची: २.२५ किलो. एकाही गुणात तो आईबापांपेक्षा सरस नाही, तरी उत्पादनात दोघांच्या पुढे गेला. संकरित वांगं जास्त का देतं, याचं एक सरळ कारण या गुणाकारात आहे. प्रत्यक्षात फळाचं वजन बरेचदा मधोमध न येता लहान फळाकडे झुकतं, त्यामुळे फायदा थोडा कमी होतो. प्रभावी जनुकांचा जोर मिळाला तर तो वाढतोही. पालक निवडताना म्हणूनच उत्पादनाच्या यादीतले पहिले दोन उचलू नका. एक संख्येत पुढे असलेलं आणि एक वजनात पुढे असलेलं, अशी जोडी लावा.

उंची, फांद्या, घोसातली फळं यांचा उत्पादनाशी संबंध दिसतो, पण तो किती थेट आणि किती फळांच्या संख्येच्या आडून, हे पाथ विश्लेषणाने कळतं. विद्यार्थ्यांना ते करावंच लागेल. शेतकऱ्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं की उंच झाड म्हणजे जास्त उत्पादन नव्हे.

८. निवड: झाड नव्हे, ओळ

डेन्मार्कच्या विल्हेल्म योहानसेन यांनी १९०३ साली घेवड्यावरच्या प्रयोगांतून दाखवलं की शुद्ध वाणातून मोठं बी निवडा की लहान, पुढच्या पिढीची सरासरी तीच येते. वेगवेगळ्या शुद्ध वाणांच्या मिश्रणातून निवडलं तरच फरक पडतो. उकिरड्याजवळचं लदलदलेलं झाड पुढच्या वर्षी का फसवतं, ते यात आलं. त्याचं भाग्य खताचं होतं आणि खत काही बियाण्यात उतरत नाही.

मग करायचं असं. चांगल्या ठरलेल्या वाणांतून, बाजाराच्या चौकटीत बसणारी वीस-पंचवीस झाडं निवडा. प्रत्येक झाडावरच्या लांब दांडीच्या तीन-चार कळ्यांवर उमलण्याच्या आदल्या दिवशी बटर पेपरची पिशवी घाला. पिशवी घातलेल्या फुलाला उमलल्यावर सकाळी हलकेच टिचकी मारा, म्हणजे पराग पडतो. वांगं स्वतःच्या परागावर फळ धरतं, पण भुंगे आणि मधमाश्या बाहेरचा परागही आणतात आणि ते प्रमाण कमी-जास्त होतं, म्हणून पिशवी हवीच. फळ धरलं की पिशवी काढून लेबल बांधा.

दर झाडाचं बी वेगळं ठेवा आणि पुढच्या हंगामात प्रत्येकाची एक ओळ लावा, तीन पट्ट्यांत. आता झाडांची तुलना करू नका, ओळींच्या सरासरीची करा. चांगल्या ओळीतलं साधारण झाड हे वाईट ओळीतल्या देखण्या झाडापेक्षा भरवशाचं असतं. अशा दोन-तीन फेऱ्यांत ओळ एकसारखी होते आणि वाण हाती येतं. नवख्या माणसाने पहिल्यांदा हेच करावं. संकर त्यानंतर.

९. संकर करायचा झाला तर

आई आणि बाप ठरवताना एक युक्ती वापरा. जांभळा रंग साधारणपणे हिरव्यावर प्रभावी असतो. झाडात कुठेही जांभळी झाक नसलेलं हिरवं वाण आई करा आणि जांभळं वाण बाप करा. संकर साधला तर पुढच्या पिढीची फळं जांभळट येतील. हिरवी आली तर ते आईचंच बी, उपटून टाका. बापाच्या तरूच्या कोवळ्या दांड्यावर जांभळट झाक असेल तर ट्रेमध्येच ओळख पटते आणि रानातली जागा वाचते.

कृती:
दुपारनंतर, दुसऱ्या दिवशी उमलणारी टपोरी कळी घ्या. पाकळ्या रंग धरून फुगलेल्या, पण मिटलेल्या असाव्यात. चिमट्याने कळी उघडा, दांडी लांब आहे ना ते पाहा. नसेल तर ती कळी सोडा, फळ धरणार नाही. पाचही परागकोश एकेक करून काढा. कुक्षीला धक्का नको. एखादा कोश फुटला तर कळी काढून टाका आणि चिमटा स्पिरिटने पुसा. पिशवी चढवा.

बापाच्या कळ्यांवरही आदल्या संध्याकाळी पिशव्या घाला, म्हणजे त्यांवर परका पराग येणार नाही. सकाळी फुलं उमलली की परागकोशाच्या टोकाच्या छिद्रातून पराग नखावर झाडून घ्या आणि आईच्या कुक्षीला लावा. कुक्षी चमकदार, चिकट दिसली पाहिजे. पुन्हा पिशवी, लेबल: आई × बाप, तारीख. आईचं नाव नेहमी आधी. चार-पाच दिवसांनी पिशवी काढा, नाहीतर आत दमटपणाने फळ सडतं.

एका फळात शेकडो बिया निघतात, त्यामुळे चार-पाच फळं साधली तरी पुष्कळ. पावसाळ्यात मात्र खानापूर-बेळगाव बाजूला हे काम करू नका, पिशव्या भिजतात. दिवाळीनंतरचा काळ चांगला.

पहिल्या पिढीची झाडं एकसारखी येतात. तिच्या स्वपरागाच्या बियाण्यापासून दुसरी पिढी, आणि तिथे सगळी उलथापालथ दिसते. निदान दोनशे झाडं लावा. या पिढीत एकेका झाडाच्या उत्पादनावर निवड करू नका, कारण एकट्या झाडाच्या उत्पादनात रानाचा वाटा फार मोठा असतो. रंग, आकार, काटे, फळाचं वजन आणि रोग यांवर निवडा. जनुकांच्या मिश्र जोड्यांचं (आईकडून एक आणि बापाकडून वेगळा असा जनुक आलेल्या जोड्यांचं) प्रमाण दर पिढीला निम्म्यावर येतं: दुसऱ्या पिढीत ५० टक्के, तिसरीत २५, चौथीत १२.५, पाचवीत ६.२५, सहावीत ३ च्या आसपास. उत्पादनाची खरी तुलना चौथ्या पिढीपासून ओळींवर करा. वर्षाला दोन हंगाम साधले तर सहाव्या पिढीपर्यंत तीन-साडेतीन वर्षं जातात. त्याआधी वाण तयार झालं असं कुणालाही सांगू नका.

१०. मर आणि अळी

मर लागलेल्या रानात उत्पादनाचे आकडे निरर्थक होतात. हिरवंगार झाड दुपारी एकाएकी माना टाकत असेल, तर बुडाजवळचा खोडाचा तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरा. दुधासारखा धागा खाली उतरला तर ती जिवाणूजन्य मर. त्या रानात उत्पादनाचा प्रयोग घेऊ नका, पण मरीला टिकणारी झाडं निवडायला तेच रान उत्तम. पानं बारीक होऊन झुपका झाला तर तो पर्णगुच्छ. तुडतुडे तो पसरवतात, झाड लगेच उपटा.

पोखरणाऱ्या अळीला पूर्ण दाद न देणारं लागवडीचं वांगं मिळत नाही, कमी-अधिक सहन करणारी मिळतात. किडक्या फळांचा रकाना त्यासाठीच आहे.

११. बी काढणं आणि जपणं

बियाण्यासाठीची फळं पिवळी-तपकिरी होईपर्यंत झाडावर ठेवा, फूल उमलल्यापासून साधारण ५० ते ६० दिवस. फळं कुटून पाण्यात कालवा, तळाला बसलेलं बी घ्या, तरंगणारं टाका. आधी सावलीत, मग कोवळ्या उन्हात वाळवा. ओल ८ टक्क्यांच्या खाली आली पाहिजे. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आत आणि बाहेर दोन्हीकडे लेबल.

वाण तयार झाल्यावर बियाण्याचा प्लॉट इतर वांग्यांपासून लांब हवा. प्रमाणित बियाण्याला १०० मीटर, पायाभूत बियाण्याला २०० मीटर अंतराचा नियम आहे. आपल्याकडे रानं तुकड्या-तुकड्यांची, एवढं अंतर सापडत नाही. तेव्हा जाळीखाली वाढवा.

१२. नोंदणी

२००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या रानातलं बी राखणं, पेरणं, देवाण-घेवाण करणं आणि विकणं यांचा हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून मात्र विकता येत नाही. स्वतः काढलेलं वाण नोंदवायचं असेल तर ते इतरांहून वेगळं, आपसात एकसारखं आणि पिढ्यान्‌पिढ्या स्थिर असावं लागतं. या तिन्ही कसोट्यांची झाडाच्या अवयवांनुसार ठरलेली यादी असते. ती आधीच मिळवा आणि पाचव्या-सहाव्या पिढीत त्याच रकान्यांत मोजमाप ठेवा, म्हणजे अर्ज भरताना पुन्हा हंगाम घालवावा लागत नाही. शेतकऱ्यांच्या वाणाला नोंदणी शुल्क नाही. वांग्यासारख्या हंगामी पिकाला संरक्षण १५ वर्षांचं मिळतं.

अर्जात मूळ बी कुठून आलं हे लिहावं लागतं. तिसऱ्या पायरीतले सही घेतलेले नोंदकागद इथे लागतात. ज्यांच्याकडून बी घेतलं त्यांची नावं त्यात घाला, आणि अर्ज देण्याआधी त्यांना घरी जाऊन सांगा. कुणी कंपनीवाला किंवा अभ्यासक बी मागायला आला तर तोंडी देऊ नका. किती ग्रॅम दिलं, कशासाठी दिलं आणि पुढे कुणाला द्यायचं नाही, हे कागदावर लिहून दोघांनी सह्या करा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.